सात मिनिटांत एकही गोल नाही

अवंतीला फिनलंडच्या फुटबॉल क्लबनं घेतलं ही बातमी मोहनाला कळली तेव्हा ती सेव उसळ खात होती. फोनवर अवंतीचंच नाव आलं, आणि पलीकडून रडणं आणि हसणं एकदमच ऐकू आलं. मोहनानं "अगं, किती छान" असं म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि उरलेली उसळ तशीच ठेवून उठली. बडोद्यात जन्मलेलं माणूस सेव उसळ टाकून उठतं म्हणजे पोटात दुसरंच काहीतरी पेटलेलं असतं.

जळफळाटाला कारण होतं. दोघी एकाच वर्षी कॉलेजात आल्या, एकाच दिवशी निवड चाचणीला उभ्या राहिल्या. मोहना बडोद्याच्या समा भागातल्या सोसायटीतली. पणजोबा संस्थानात अधिकारी, वडील प्राध्यापक. तिला बूट हवे असले की बूट यायचे. अवंती जुन्या शहरातल्या पाणीगेटची; वडील रेल्वेत, आणि पहिलं वर्षभर ती मोहनाचेच जुने बूट पुढे कापूस कोंबून वापरायची. दोघीही मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतल्या. मोहना पुढे, दहा नंबर, गोल करणारी. अवंती तिच्या मागे, सहा नंबर. कॉलेज, विद्यापीठ, राज्याचा संघ, मग अहमदाबादच्या क्लबात दोन हंगाम, सगळीकडे दोघी बरोबर. पेपरात फोटो यायचा तो मोहनाचा. अवंती त्यात असलीच तर अर्धी, कडेला.

आणि परदेशी गेली कोण, तर कडेची.

आता खरी गोम सांगायला हवी, कारण मोहना ती कोणालाच सांगणार नव्हती. त्या क्लबला मिडफिल्डर हवी होती, बाहेरच्या देशातली एकच. सात मिनिटांचा व्हिडिओ मागवला होता. दोघींनी अर्ज केले. व्हिडिओ कापायचं, जोडायचं काम संघात एकट्या मोहनाला जमायचं. दोघींना कॉलेजपासून शिकवणारे कोच दत्तात्रेय सर समाच्या मैदानाशेजारच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर उभे राहून, बाहेरगावी मिळेल त्या उंचीवरून, प्रत्येक मॅच फोनवर घ्यायचे. पाच वर्षांचा तो सगळा माल मोहनाच्या लॅपटॉपमध्ये होता. अवंती म्हणाली, "माझा पण तूच कर ना. मला स्वतःला बघायला लाज वाटते."

मोहनानं स्वतःचा व्हिडिओ आठ दिवस खपून केला. गोल, गोल, आणखी गोल, खाली जोरदार संगीत. अवंतीचा करायला बसली तेव्हा करजणच्या स्पर्धेतला तो गोल समोर आला, चौघींना चकवून अवंतीनं डाव्या पायानं मारलेला. काय गोल होता. मोहनानं तो पाच वेळा पाहिला आणि गाळला. मग दुसरा गाळला. सगळे गाळले. जे उरलं ते घेतलं: अवंती मागे वळून बघते, अवंती दोन पावलं सरकते, अवंती बॉल अडवते आणि जवळच्या मुलीला साधा पास देते. सात मिनिटं हेच, संगीताशिवाय. बघणाऱ्याला झोप येईल अशी तिनं चोख व्यवस्था केली. अवंतीनं न पाहताच "पाठव" म्हटलं. या विश्वासाचाही मोहनाला रागच आला.

तीन आठवड्यांनी अवंतीला करार आला आणि मोहनाला चार ओळींचा मेल. तुमचे गोल सुंदर आहेत, असं त्यात होतं. पुढे लिहिलं होतं: तुमचा खेळ आम्ही दोन्ही व्हिडिओंत पाहिला, या वेळी आम्ही वेगळा निर्णय घेत आहोत. दोन्ही कुठले? मोहनानं एकच तर पाठवला होता. काहीतरी घोटाळा झाला असणार, फायलींची अदलाबदल झाली असणार, असं तिनं मनाशी धरलं आणि महिनाभर त्याच आशेवर मनातले मांडे खाल्ले.

निघायच्या आदल्या दुपारी अवंतीच्या घरी सगळा संघ जमला. पद्माकाकू, म्हणजे अवंतीची आई, लीलो चेवड्याची पाकिटं बॅगेत कोंबत होत्या. तिकडच्या बर्फात पोरीला ओल्या बटाट्याचा चेवडा कोण देणार, हा त्यांचा घोर. मोहना कोपऱ्यात बसून तोंडदेखलं हसत होती. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते.

दत्तात्रेय सरांनी खिशातून फोन काढला. "ऐका सगळ्या. तिकडच्या कोचनं मला काय लिहिलंय बघा. 'सात मिनिटांत एकही गोल नाही. ज्यानं हा व्हिडिओ बनवला त्याला ही मुलगी काय करते ते नेमकं कळलं आहे. आम्हाला हेच करणारी हवी होती.'" सरांनी मोहनाकडे पाहिलं. "मी पाच वर्षं शिकवतोय, मला नसतं सुचलं. शाबास, मोहनाबेन."

टाळ्या पडल्या. कोणीतरी पाठीवर थापही मारली. करायला गेले गणपती आणि झालं माकड, हे मोहनानं आजवर दुसऱ्यांच्या बाबतीतच म्हटलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात ती "काही नाही हो सर" म्हणाली.

सर तेवढ्यावर थांबते तर बरं. त्यांनी व्हिडिओ टीव्हीवर लावला. लॅपटॉपवर मोहनानं फक्त सहा नंबर पाहिला होता. आता मोठ्या पडद्यावर, टाकीच्या उंचीवरून, अख्खं मैदान दिसत होतं. बॉल जातो, अवंती मागे धावते, अडवते, पास देते. पुन्हा बॉल जातो, पुन्हा अवंती धावते.

पद्माकाकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पाकीट हातात धरून त्या बघत राहिल्या आणि सहज म्हणाल्या, "ही कोण गं? दर वेळी कमरेवर हात ठेवून उभी असते ती?"

पाठीवरचा दहा आकडा लांबूनही वाचता येत होता. मोहनानं स्वतःला पाहिलं: बॉल गमावला, कमरेवर हात. पुन्हा गमावला, पुन्हा कमरेवर हात. आणि तिनं सोडलेल्या प्रत्येक जागेवर, धापा टाकत, अवंती. दोन्ही व्हिडिओ. मेलमध्ये काही घोटाळा नव्हता.

"आई, ती पुढे पळायला दम राखून ठेवते," अवंती पटकन म्हणाली. "ते पण लागतं."

इथेही सावरायला अवंतीच धावली. मोहनाच्या अंगाची लाही लाही झाली. तिला त्या क्षणी अवंतीचा इतका मत्सर वाटला, जितका करार आला त्या दिवशीही वाटला नव्हता.

मुली पांगल्यावर अवंती तिला सोडायला जिन्यापर्यंत आली. "एक विचारू? करजणचा गोल का नाही टाकलास?"

खोटं बोलायची इतकी आयती संधी पुन्हा मिळाली नसती. सरांनी वाचून दाखवलेलं वाक्य होतंच, तेवढं म्हटलं की झालं. मोहना कठड्याला धरून उभी राहिली. "तुला मिळू नये म्हणून," ती म्हणाली. "सगळे गोल मीच काढले."

अवंतीच्या बोटांना चेवड्याचं तेल लागलं होतं, ते ती ओढणीला पुसत राहिली. "मला वाटलं होतं, मी काय करते ते तुला तरी दिसलं," ती शेवटी म्हणाली. मग दार लोटायच्या आधी वळली. "उद्यापासून तुझ्या मागे मी नाहीये. एवढं ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अवंतीचं विमान सुटलं त्या सुमाराला समाच्या मैदानावर सराव चालू होता. मोहनाकडून बॉल गेला. सवयीनं तिचे हात कमरेवर गेले आणि ती थांबली. मागे कोणीतरी धावेल म्हणून थांबली. कोणी धावलं नाही. बॉल सरळ जाळ्यात गेला. टाकीच्या जिन्यावर फोन धरून सर उभे होते.

पाच मिनिटांनी बॉल पुन्हा गेला. मोहनाचे हात पुन्हा वर आले. तिनं ते खाली ओढले आणि उलटी वळून धावली, अवंतीला मनातल्या मनात शिव्या घालत, जळत, पार आपल्या गोलपर्यंत.