रिव्हायव्हलचा रंग

दोरीचा कारखाना दोन वर्षं बंद होता. तो पुन्हा चालू करायला मालकांनी पाठवलं कोणाला, तर जावईबापूंना. पाना कुठल्या बाजूने धरायचा हेही ज्यांना दाखवावं लागेल, असे जावईबापू. पण इंग्रजी फर्डं. पहिल्या मीटिंगला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'रिव्हायव्हल', म्हणजे पुनरुज्जीवन. पुढच्या सोमवारी ते पुसून 'रिज्युव्हिनेशन' केलं, कारण पहिल्या शब्दात म्हणे दम नव्हता. तिसऱ्या सोमवारी त्याच अर्थाचं 'रिसर्जन्स' अवतरलं. कारखान्याचे फिटर, म्हणजे मिस्त्री, मागच्या बाकावर बसून हे सगळं मुकाट ऐकत. त्यांनी मागितले होते फक्त सहा बेअरिंग. शब्द दर सोमवारी येत होते, बेअरिंगचा पत्ता नव्हता.

शेवटी मिस्त्रींनी भंगारातूनच बेअरिंग हुडकले, घासूनपुसून बसवले. पीळ घालायचं मोठं मशीन हाताने फिरवून पाहिलं, तर अगदी अलगद फिरलं. उद्घाटनाला माल घेणारी पार्टी येणार होती. मशीन तासभर नीट चाललं तर ऑर्डर, आणि ऑर्डर मिळाली तर चाळीस जणांना काम परत. त्या चाळिसांत मिस्त्रींची बायकोही होती. वीस वर्षं तिने याच मशीनवर काढली होती.

पण जावईबापूंना मशीन म्हातारं दिसलं. रिसर्जन्स झालं तर ते दिसायला नको का? रंगारी बोलावले. बेअरिंगला तेल घालायची भोकं तेवढी मोकळी ठेवा, असं मिस्त्रींनी सांगितलं, तेव्हा जावईबापू "बघू" म्हणाले. दुसऱ्यांदा सांगितलं, तर निगेटिव्ह बोलू नका म्हणाले. तिसऱ्यांदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "मिस्त्री, मशीनआधी तुम्हालाच रिफ्रेश करायला हवं." सगळे हसले. मिस्त्रींच्या ते फार जिव्हारी लागलं.

उद्घाटनाच्या सकाळी मिस्त्रींनी पाहिलं, तर चौदाच्या चौदा भोकं पुट्टीने बुजवून वर हिरवागार रंग फासलेला. खिशात खिळा होता. कोरून तेल घालायला अर्धा तास पुरला असता. हात खिशात गेलाही. पण ते हसू आठवलं. चालवा म्हणावं आता मशीन इंग्रजीवर, असं म्हणून ते हाताची घडी घालून भिंतीला टेकले.

फीत कापली गेली. भाषणात तिन्ही शब्द आले, वर एक चौथाही आला. मग मशीन सुरू झालं, चार मिनिटं छान चाललं, किंचाळलं आणि जळका वास सोडून जाम झालं. पार्टीने घड्याळ पाहिलं आणि काढता पाय घेतला. जावईबापू कारकुनाला सांगतच होते, आता 'रिस्ट्रक्चरिंग' करावं लागेल. मिस्त्रींना आतून गुदगुल्या झाल्या. अशी खोड मोडायला हवीच होती.

तेवढ्यात त्यांची बायको मशीनपाशी आली. अंगात दोन वर्षांनी कपाटातून काढलेला, इस्त्री केलेला एप्रन होता. रंगावरून बोट फिरवत तिने भोकांच्या जागा बरोबर शोधल्या. तिला त्या पाठ होत्या.

"तुम्ही सकाळी बघितलं होतं ना हे?"

मिस्त्री म्हणाले की तीनदा सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही.

"मी सकाळचं विचारतेय," ती म्हणाली.

तिने एप्रन सोडला, नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि कामाच्या आशेने बाहेर उभ्या असलेल्या बायकांना घरी जा म्हणून सांगायला गेली. मिस्त्रींनी खिशातला खिळा काढला आणि पहिलं भोक कोरायला घेतलं.