कुंदनचा करदोडा

आमच्या सासूबाई, भिकुबाई, साक्रीहून पिंप्राळ्याला आल्या त्या माझ्या बाळंतपणासाठी; पण गल्लीला वाटावं, बाळ त्यांनाच झालंय. कुंदनच्या कमरेला त्यांनी चांदीचे मणी ओवलेला काळा करदोडा बांधला. पोट वाढलं की तो सैल करायचा आणि शेजारच्या कामिनीवहिनींना दारात उभं करून सांगायचं, "दख, आजून सैल करना पडना. मना नातू बाळसं धरी ऱ्हायना!"

"हातपाय काड्या आणि पोट तेवढं भोपळा, हे कसलं बाळसं?" मी म्हणायचे.

"तू शिकेल शे, पन मी पाच पोरे मोठा करात."

चौथ्या महिन्यात कुंदन दूध ओकायला लागला. पोट चाचपलं तर डावीकडे टणक लागलं. मी कोणाला न विचारता रिक्षा बोलावली. सासूबाई भांडत होत्या, पण रिक्षात आधी त्याच जाऊन बसल्या.

दवाखान्यात डॉक्टर स्नेहलताईंनी पोटाच्या एक्सरेला पाठवलं. एक्सरेवाल्याने करदोडा सोडायला सांगितला. "मी मरसू तवय सोडजो," सासूबाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्याने तसाच फोटो काढला. पोटावर पांढरे ठिपके दिसले.

"मना मणी शेत त्या!" सासूबाई हसल्या. मलाही ते ठिपके मणीच असायला हवे होते.

डॉक्टर स्नेहलताई हसल्या नाहीत. "खात्री करायला हवी," म्हणाल्या. तेव्हा सासूबाईंनी स्वतःच करदोड्याला हात घातला. गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडला. दुसऱ्या फोटोत मणी गेले आणि ठिपके तिथेच राहिले.

सासूबाई बाकावर गप्प बसल्या. इतकी वर्षं मी या शांततेसाठी देवाला साकडं घालत होते. मिळाली तेव्हा मुळीच आवडली नाही. मला तर कॅन्सर हा एकच शब्द सुचत होता. मी त्यांचा हात धरला.

सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. डॉक्टर म्हणाल्या, "जठराच्या भिंतीला गोळा आहे. त्यात पाणी, चरबी आणि हाडाचे कण आहेत. ठिपके म्हणजे तेच कण. असा गोळा फार क्वचित असतो. पण बाळांमध्ये तो बहुतेक वेळा साधा निघतो. ठिपके पाहून मला जरा बरंच वाटलं. काढून तपासला की पक्कं कळेल."

"चांगला शेत तर ऱ्हाऊ द्या त्या ठिपका!" सासूबाईंना कंठ फुटला.

"गोळ्याबरोबर तेही जातील, आजी."

ऑपरेशन झालं. गोळा साधाच निघाला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले.

घरी आल्यावर सासूबाईंनी जुना करदोडा कुंदनला घालून पाहिला. तो घसरून थेट पायांतून खाली आला. त्या बघतच राहिल्या.

"बाळसं नही, दुखनंच मोजत ऱ्हायनू वं मी," त्या म्हणाल्या.

"आणि मोजून गल्लीला दाखवत होतात," मी म्हटलं. त्या हसल्या, डोळे पुसले आणि करदोडा माझ्या हातात दिला.

"आते तू बांध. सैल करना व्हई तवय तुलेच इचारसू."

मी बांधला. दोन बोटं जागा ठेवली, बाळसं धरायला.