वयाचा दाखला

संस्थेच्या तळमजल्यावरच्या एक्स-रे खोलीत त्या मंगळवारी नेहमीचीच कामं होती. धातू विभागाचं तडा गेलेलं पातं, कीटक विभागाची वाळवीने पोखरलेली फळी, उत्खननात निघालेलं मडकं. मातीपासून ताऱ्यांपर्यंत अकरा विभाग, प्रत्येकाला वस्तूच्या आतलं बघायचं असायचं आणि ते दाखवणारी बाई एकच. तिला सगळे आत्या म्हणत. कालमापन विभागातल्या मोठ्या शास्त्रज्ञाची ती धाकटी बहीण, आणि त्याची मुलगी बिट्टी शाळा सुटली की 'आत्या, आत्या' करत इथेच येऊन बसे.

त्या शास्त्रज्ञाला माघारी 'वयमोजे' म्हणत. लाकूड द्या, हाड द्या, कोळसा द्या, गृहस्थ वय सांगणार. एका तरुण संशोधकाच्या निबंधात चाळीस वर्षांची चूक सापडली, तेव्हा त्याने भर सभेत त्या पोराला रडकुंडीला आणलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत हा अचूक माणूस खाली आला, दार लोटलं आणि एक लिफाफा टेबलावर ठेवला.

"इथे सही कर. 'फिल्म काढणार' या रकान्यात."

ज्यांची जन्मनोंद सापडत नाही, त्यांच्या वयाचे दाखले संस्था नोंदणी कार्यालयाला देत असे. मनगटाची फिल्म काढायची, तीन विभागांच्या तज्ज्ञांनी ती तपासायची, सह्या करायच्या. या दाखल्यावर बिट्टीचं नाव होतं. वय, अठरा पूर्ण. तिन्ही सह्या झालेल्या.

"दादा, बिट्टी चौदाची आहे."

"मला सांगतेस? माझीच मुलगी आहे ती."

"आणि जन्मनोंद?"

"पुरात गेली, असं लिहून दिलंय. मुलगा संचालकांचा पुतण्या आहे. आपणहून विचारलंय त्यांनी. सोमवारी लग्नाची नोंदणी. असं स्थळ चार वर्षं ताटकळत बसेल का?"

"बत्तीसचा आहे तो!"

"पुरुषाचं वय कोण बघतं?" ज्याला आयुष्यभर वयं बघण्याचा पगार मिळाला, तो म्हणाला. "तुझंही पंधराव्या वर्षीच झालं होतं. काय बिघडलं?"

काय बिघडलं ते आत्याला पाठ होतं. सोळाव्या वर्षी बाळंतपण, त्यात मूल गेलं, पुन्हा होण्याची आशाही गेली. सतराव्या वर्षी नवऱ्याने तिला माहेरच्या दारात आणून सोडलं. तेव्हा दार उघडलं होतं ते याच दादाने.

तिने लिफाफ्यातली फिल्म काढली आणि दिव्याच्या काचेवर लावली. क्षणभर पाहिलं. मग तिला हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"हा हात कुठून आणलास?"

"तुझ्याच कपाटातून. मोठ्या बाईचा बघून घेतला."

"मोठी आहे खरी. दादा, जिवंत माणसाच्या फिल्ममध्ये हाडांभोवती मांसाची फिकट सावली येते. इथे दिसतेय? ही उत्खननातली बाई. हिच्या पंजाची सत्तावीस हाडं मी या हातांनी स्पंजावर मांडली होती. आणि हिचं वय तूच काढलंस. आठशे वर्षं."

वयमोजेंचा चेहरा उतरला. पण विद्वानाला सावरायला कितीसा वेळ लागतो?

"तिघांच्या लक्षात आलं नाही ना? मग झालं तर. कर सही."

आत्या फिल्म घेऊन वरच्या मजल्यावर गेली. तिघे तज्ज्ञ एकाच टेबलावर चहा पीत होते. दातांच्या तज्ज्ञाने फिल्मकडे न बघताच सांगितलं, "वयमोजेंनी आणली म्हटल्यावर आम्ही काय तपासायचं?" हाडांच्या तज्ज्ञाने बघितलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुमच्या घरातला प्रश्न आहे, बाई. घरातच मिटवा." संख्याशास्त्रज्ञाला विनोदाची हौस होती. "नवरा-नवरीची सरासरी काढा. तेवीस येते. कायद्यात बसतं!" तिघेही हसले. ताऱ्यांची अंतरं सांगणारे, मातीचे क्षार मोजणारे शेजारच्या टेबलांवर होते. त्यांनी आपापल्या कपात बघितलं.

शाळा सुटल्यावर बिट्टी आली. दप्तर फेकलं.

"आत्या, बाबा म्हणतात परीक्षेला बसायची गरज नाही. मी भूमिती संपवलीय गं सगळी!"

"डावा हात ठेव काचेवर. बोटं पसर. हलू नकोस."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालं. तेच लिहून द्यायचंय."

फिल्म धुऊन आली. मनगटाजवळ हाडाचं टोक अजून जुळलं नव्हतं, वाढत्या वयात असते ती मधली काळी फट स्पष्ट दिसत होती. आत्याने त्यावर तारीख घातली, सही केली. मग दादाच्या दाखल्यावर, जिथे त्याला तिची सही हवी होती तिथे लिहिलं: 'ही फिल्म मी या मुलीची काढलेली नाही. हा हात आठशे वर्षांपूर्वीच्या मृत स्त्रीचा आहे. वय मुलीच्या वडिलांनीच ठरवलेलं आहे.'

जिन्यात दादाने तिला गाठलं. "हे कार्यालयात गेलं तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

"बरं," ती म्हणाली, आणि बाजूने निघून गेली.

बुधवारी कार्यालय उघडताच ती दारात हजर होती. खिडकीमागच्या कारकुनाने दाखला घेतला, दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो बाई, या हाताला मांसच नाही!"

"नाहीच."

"आणि खाली तीन डॉक्टरेटवाल्यांच्या सह्या? त्यांनी बघितलं काय मग?"

"आणणाऱ्याचं तोंड."

कारकुनाने दाखल्यावर आडवी रेघ मारली, नामंजुरीचा शिक्का उमटवला आणि सोमवारच्या यादीतून बिट्टीचं नाव खोडलं. काम झालं असं समजून त्याने पुढच्या माणसाला खूण केली. आत्या मात्र खिडकीवरून हलली नाही.

"या तिघांच्या सह्यांचे आणखी किती दाखले आहेत तुमच्याकडे?"

त्याने मागे वळून पाहिलं. भिंतभर कपाट होतं.

"वर्षानुवर्षांचे आहेत, बाई. सगळ्या मुलींचेच."

"फिल्म जोडलेल्या असतील ना?"

"असतात."

आत्याने पिशवीतून चष्मा काढला. "काढा तर मग एकेक," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली.