दर्यापारचे कावळे

"हे कावळे घ्यायचे की नाय, धाकू, तू सांग," इद्रीस तांडेल म्हणाला. "माजं गलबत भरतीला निघणार."

धाकू खलाशाच्या पडवीत राही टोपली घेऊन बसली होती. वर जाळं, आत दोन कावळे. तिचा नवरा दर्यापारच्या एका बंदरावर सुतारकाम करता करता गेला. तिथे कावळा औषधालाही नाही. दहाव्याला गाववाल्यांनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली, पण राहीच्या जिवाला ते पटेना. वर्षश्राद्धाला तरी खरा कावळा हवा होता. आणि कावळा दर्यापार जिवंत कसा न्यायचा, हे अख्ख्या मिऱ्या गावात एकट्या धाकूला ठाऊक.

अठरा वर्षांमागे त्याने थोरल्या भावाच्या श्राद्धासाठी असेच चार कावळे आफ्रिकेजवळच्या एका बेटावर नेले होते; भाऊ तिथेच वारला होता. पानातल्या भाताला चोच लागली तेव्हा तो ढसाढसा रडला होता. मग त्याने टोपली उघडून कावळे तिथेच सोडून दिले. पुढे कुणा गरिबाची अडचण व्हायला नको, एवढाच विचार. जन्मभर दुसऱ्याच्या गलबतावर दोर ओढलेल्या माणसाच्या हातून घडलेलं हे एकच पुण्य, आणि ते गावभर सांगायला त्याने कधी कमी केलं नाही.

"मला सांगितलंस ते हिलापण सांग," धाकू म्हणाला.

इद्रीसने खाली बघितलं. "धाकूचं ते बेट काळं झालंय, राही, नुसते कावळेच कावळे. माडामाडावर सुगरणी व्हत्या. आता एक नाय. घरट्यातली पिल्लं वढून वढून खाल्ली यांनी. सरकारनं विष घातलं, पण कावळे शाणे. दुसरीच पाखरं मेली."

 धाकूच्या भावाच्या पत्रात दुसरं काही नसेच. परमुलखात मला सोबत काय ती या सुगरणींची, असं तो दर खेपेला लिहवून घेई. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणावं, तर मारुतीसुद्धा देवच. इथे भावाच्या नावाने भावाची सोबत मारली गेली होती.

"येकच ने, जोडी नको," धाकू इद्रीसला म्हणाला. "आनि काम झालं की तिथल्या गाववाल्यांना त्याची मान मुरगाळायला सांग."

राही ताडकन उठली. "माज्या घोवाचा घास खाल्लेला कावळा मारायचा? काका, तुमी मारला व्हतात?"

"परत तरी आण," धाकू इद्रीसला म्हणाला.

"श्राद्ध व्हायच्या आदी मी पुढच्या बंदराला गेलेला असेन," इद्रीस म्हणाला.

"येकटा वाटंत मेला तर?" राहीचा आवाज फुटला. "रोज सपनात येतो वो, उपाशी. तुमचा भाऊ तेवढा मानूस, आनि माजा घोव कोन नाय?"

 घोव सपनात उपाशी येतो, असं अठरा वर्षांमागे धाकूची वहिनी येसूबाईही म्हणाली होती, आणि तेव्हा तो एका शब्दाने उठून निघाला होता.

"दोगांना भिजवलेला भात घाल," अखेर तो म्हणाला. "सुकी मासळी नको, तहानेनं मरतात. दुपारी वर वलं गोणपाट."

इद्रीसने मान डोलावली. राही एकेक शब्द मनाशी घोकत होती.

धाकू खाली वाकला. जाळ्याची एक गाठ सैल होती. ती त्याने सोडली आणि खलाशी मारतात तशी घट्ट मारून दिली.