बाळ्याचा डावा पाय दोन बोटं आखूड

"आला, आला, पाय आला!" अशी स्टेजवरून आरोळी येताच अख्ख्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

स्टेजवर टेबल, टेबलावर उताणा पोस्टमन, आणि त्याच्या टाचा हातात धरून मणकेमहाराज. "मघाशी दोन बोटं आखूड होता, आता बघा! मणका सुळ्ळकन जागेवर! ना चाकू, ना टाका!" पोस्टमन टुणकन उठला. मागच्या रांगेत टेलरताईनं कपाळाला हात लावला, कारण पुढचा नंबर तिच्या धाकट्या भावाचा, बाळ्याचा होता.

पंचेचाळीस वर्षांचा हा बाळ्या बसड्रायव्हर. वाकला की कमरेचा खालचा मणका पुढे घसरायचा नि नस चेपायची. महिनाभरात डाव्या पायाचा अंगठा उचलेनासा झाला. सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "नुसती नस मोकळी केली, तर मणका आणखी सरकेल. स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके जखडायचे, मध्ये हाडाचे तुकडे भरायचे, म्हणजे ते एकजीव होतील. पोटाकडूनही करता येतं, तुम्हाला पाठीकडून पुरे. उशीर केलात तर पाय लुळा पडेल." ऑपरेशन मंगळवारी. आणि या शहाण्यानं ते रद्द करायला सकाळीच फोन लावला होता! नशीब, कुणी उचलला नाही.

महाराजांनी बाळ्याला झोपवलं, टाचा जुळवल्या. "अरेरे! डावा आखूड! दुखण्याचं मूळ इथंच!"

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. ती तरातरा स्टेजवर चढली. "काय हो, वीस वर्षं याच्या पँटी मी शिवतेय. दोन्ही पाय एका मापाचे. आखूड झाला कधी, येताना वाटेत?"

हॉलमध्ये खसखस पिकली.

"ताई, गप्प बस ना," बाळ्या कळवळला.

"श्रद्धा ठेवा, माते," महाराज म्हणाले.

"ठेवते की. आधी खूण करते." तिनं मापाचा खडू काढला आणि डाव्या बुटाच्या काठाला लागून मोज्यावर रेघ ओढली. "आता करा लांब."

महाराजांना घाम फुटला, पण एवढ्या लोकांसमोर माघार कशी घेणार? ओढला पाय. "आला, आला!" पाय आला खरा, पण बूट रेघेपासून दोन बोटं दूर! ताईनं उजव्या बुटात टाचेखाली बोट घातलं, तेही अलगद गेलं.

"बघा! आधी उजवा बूट ओढून डावा आखूड दाखवला, मग डावा ओढून दोन्ही सारखे केले. पाय कसला वाढतोय, बूट निघतोय!"

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. त्या गोंधळात महाराज मागच्या दारानं पसार.

"पण मला बरं वाटलं हो," पोस्टमन कुरकुरला.

"वाटणारच. एवढ्या टाळ्यांत कुणालाही घटकाभर बरं वाटतं. उद्या सायकलवर बसा, मग सांगा."

बाळ्या टेबलावर मान खाली घालून बसला होता. "ताई, मला ऑपरेशनची भीती वाटते गं."

"मला नाही वाटत होय?" ती म्हणाली. मग ती हॉलकडे वळली. "भीती वाटू दे की. डॉक्टरला शंभर प्रश्न विचारा, एक्स-रे दाखव म्हणा, काय बिघडू शकतं ते सांग म्हणा. पण ज्याला प्रश्न चालत नाहीत, त्याच्या हातात आपली पाठ देऊ नका."

बाळ्यानं बूट नीट चढवले. "चल, आत्ताच जाऊ हॉस्पिटलात," तो म्हणाला. "स्क्रू ढिले झाले तर काय करायचं, ते विचारायचं राहिलंय."