शेजारची सीट

केमिस्ट गाडी चालवते तेव्हा मी तिच्या शेजारी बसून ब्रेक दाबत असते. माझ्या बाजूला ब्रेकच नाही, हा भाग वेगळा. वर्षानुवर्षं लोकांना गाडी शिकवून माझा उजवा पाय कायमचा बिघडला आहे. पुढे लाल दिवा दिसला की तो आपला आपण खाली जातो. मैत्रिणी मला 'ब्रेक' म्हणतात ते यामुळेच, आणि केमिस्टला केमिस्ट ते तिच्या औषधांच्या दुकानामुळे.

"एक दिवस माझ्या गाडीला भोक पाडशील," केमिस्ट म्हणाली.

"तू जरा आधी दाबत जा, म्हणजे मला दाबावा लागणार नाही."

मागच्या सीटवर शिडी हसली आणि लगेच 'आई गं' म्हणाली. हसलं तरी तिच्या पाठीतून कळ जात होती. शिडी हे तिचं हॉस्टेलमधलं नाव. कपाटावरची बॅग काढायला आम्हाला स्टूल लागायचं, तिला नुसता हात. आता तीच शिडी कमरेला पट्टा बांधून, पाठीशी उशी घेऊन ताठ बसली होती. शेजारी लहान मुलांच्या सीटमध्ये तिचा दोन वर्षांचा मुलगा खिडकीची काच वरखाली करत होता. दिसेल ते बटण दाबायचं, एवढं एकच काम घेऊन तो जन्माला आला आहे, म्हणून त्याचं नाव बटण.

आम्ही थीम पार्कला निघालो होतो. नाव सहलीचं होतं, खरं काम निवडीचं. सोमवारी शिडीच्या पाठीचं ऑपरेशन होतं. त्यानंतर सहा आठवडे दुधाच्या पिशवीपेक्षा जड काही उचलायचं नाही आणि अजिबात वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. नवरा जहाजावर, त्याला एवढ्यात सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. आई नाही. सासूबाईंनाच उठवून बसवायला माणूस लागतं. म्हणजे बटणला कोणाकडे तरी ठेवायला हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे केमिस्ट किंवा मी. "एक दिवस त्याला तुमच्यात मोकळा सोडते," शिडी फोनवर म्हणाली होती. "मग ठरवते."

खरं तर ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतं. केमिस्टने दोन मुलं वाढवून कॉलेजात धाडली आहेत. तिच्या पिशवीत ओले रुमाल, सुके रुमाल, तापाचं औषध, तीन तऱ्हेची बिस्किटं, जादा कपडे असं अर्धं दुकान असतं. माझ्याकडे काय, तर गाडीच्या किल्ल्या आणि नाकावरचा राग. लग्न केलं नाही, आणि मुलांची आपल्याला आवड नाही हे इतकी वर्षं सांगत आले की सगळ्यांना ते पटून गेलं.

पण मला तो हवा होता. सहा आठवडे का होईना, बटण माझ्या घरात हवा होता. गेल्या आठवड्यात मी एक छोटी खाट आणली, तिचे भाग स्वतः जोडले आणि ती खिडकीखाली लावली. काचेचं टेबल शेजाऱ्यांना देऊन टाकलं. प्लगच्या भोकांना झाकणं बसवली. यातलं कोणाजवळ बोलले नाही. आधी गाजावाजा करून मग तोंडावर पडायचं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

पार्कात शिरलो आणि बटण फाटकातच अडला. माणूस आत गेला की तिथला लोखंडी दांडा गर्रकन फिरत होता. समोर किल्ला, उंच रूळ, झुलणारं जहाज, माणूस आत घालून चालणारं भलंमोठं अस्वल, सगळं पसरलेलं. याला दांडाच हवा. मागे रांग साचली. "बाई, बाकीचं पार्क आत आहे," रखवालदार फार सौजन्याने म्हणाला.

मी बटणला समजावलं, मग दटावलं, मग त्याच्याशी भांडले. केमिस्टने पिशवीतून एक बिस्किट काढलं आणि तो तिच्यामागे चालू लागला.

पुढे ते अस्वल हात मिळवायला आलं तेव्हा त्याने असा टाहो फोडला की बिचारं अस्वलच दोन पावलं मागे सरलं. केमिस्टने त्याला उचललं, तोंड पुसलं, पाणी पाजलं, पाठीवर थोपटलं. चार मिनिटांत तो तिच्या खांद्यावर झोपला. मी मागून शिडीची उशी, पाण्याच्या बाटल्या आणि दोन स्वेटर घेऊन हमालासारखी चालत होते आणि जळत होते. चांगली मैत्रीण असूनही जळत होते.

शिडी एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर बसायची. फारसं बोलत नव्हती. बघत मात्र सगळं होती.

जेवणानंतर केमिस्टची भानगड उघडकीला आली. या सात्त्विक चेहऱ्याच्या बाईला रोलर कोस्टरचं वेड आहे. "एकदाच जाऊन येते हं," असं म्हणून तिने पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि शाळा सुटल्यासारखी पळाली. आली ती केस पिंजारून, लालबुंद होऊन, आणि "आता पुढच्या डब्यात बसते" म्हणत पुन्हा गेली.

बटण जागा झाला तो माझ्या ताब्यात. प्रत्येक राइडपाशी उंची मोजायची पट्टी होती आणि प्रत्येक पट्टीखालून तो आरामात पार जात होता. शेवटी छोट्या मोटारी सापडल्या. रुळावरून फिरणाऱ्या, नुसत्या शोभेच्या स्टिअरिंगच्या. मोठं माणूस शेजारी बसलं तर यालाही बसू देणार होते.

मी शेजारी बसले. गुडघे हनुवटीला टेकले, पण जागा ओळखीची होती. आयुष्य या सीटवर गेलं आहे. शिकणाऱ्याचं स्टिअरिंग मी कधी उगाच धरत नाही. हात मांडीवर, पाय ब्रेकवर, आणि गाडी त्याची, हा माझा नियम. बटणने डावीकडे वळवलं, मोटार उजवीकडे गेली, आणि हेच हवं होतं अशा थाटात तो पुढे बघत राहिला. शेवटी एक लुटुपुटूचा लाल दिवा होता. माझा पाय सवयीने खाली गेला. मोटार तिथे आपोआपच थांबत होती, पण त्याने माझ्या पायाकडे पाहिलं.

"अजून!" तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीला लाल दिवा आला आणि त्याचा इवलासा बूट माझ्याबरोबर टपकन खाली गेला. मोटार थांबली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ही गाडी आपण दोघांनी मिळून थांबवली. आजवर मी किती जणांना लायसन्स मिळवून दिलं असेल, पण इतका आनंद मला एकदाही झाला नव्हता. आम्ही पुन्हा बसलो, पुन्हा बसलो, शेवटी राइडवाल्यानेच हात जोडले.

बाहेर आलो. शिडीने बाकावरून दोन्ही हात पुढे केले. "ये रे, सोन्या."

बटण वळला आणि माझ्या पायाला बिलगला. हात वर करून म्हणाला, "बेक, वर!"

मी उचलला. त्याने माझ्या गळ्यात हात टाकले. शिडीचे हात क्षणभर तसेच राहिले, मग तिने ते पट्ट्यावर ठेवले. ते मला दिसलं, पण माझ्या आनंदाला त्याने काही बाधा आली नाही.

मी तिच्या शेजारी बसले. बटण केमिस्टच्या पिशवीची चेन उघडझाप करू लागला.

"केमिस्टकडे ठेवते," शिडी म्हणाली.

"काय ठेवतेस?"

"बटणला."

"अगं, आत्ता काय झालं ते बघितलंस ना? की डोळे मिटून बसली होतीस?"

"बघितलं म्हणूनच."

"म्हणजे मी बिनकामाची. सरळ सांग की! बिस्किटं नाहीत माझ्याकडे, ओरडते मी, म्हणून ना? घरी खाट आणून ठेवलीय मी. टेबल देऊन टाकलं. भिंतीतलं एक भोक उघडं नाही ठेवलं!"

शिडी माझ्याकडे बघतच राहिली. "खाट आणलीस? तू?"

"विषय बदलू नकोस."

"केमिस्टकडे तो नीट राहील," ती सावकाश म्हणाली. "खाईल, पिईल, झोपताना माझ्यासाठी रडेल. तुझ्याकडे नाही रडणार. मग परत आला की हात वर करून माझ्यासमोर उभा राहील आणि मला तेव्हाही भीत भीतच उचलावं लागेल. मी विचार करत बसेन, तोवर तो तुझ्याकडे वळेल. आत्ता वळला ना, तसाच. मला भीती वाटते गं. माझं पोर माझ्याकडे परत येणार नाही अशी भीती वाटते."

डोक्यावरून केमिस्ट किंचाळत गेली.

मी बटणला उचलून हात धुवायला घेऊन गेले. तिथे हात वाळवायचं यंत्र होतं. तो त्याचं बटण दाबत राहिला आणि मी गरम हवेत तोंड धरून उभी राहिले. डोळे ओले दिसले असते तर तेवढंच निमित्त.

निघेपर्यंत ऊन कलंडलं होतं. बटण आता थकून पार चुरमडला होता. फाटकाजवळ त्याला तो दांडाही नको होता. तो थेट शिडीसमोर जाऊन उभा राहिला.

"आई, वर."

"सोन्या, आईच्या पाठीला बाऊ झालाय ना?"

"वर!"

शिडी उभीच होती, बोटं पट्ट्यात रुतवून. त्याने तिच्या गुडघ्यावर चापट्या मारल्या, मग भोकाड पसरलं. केमिस्ट धावली. "चल, चल, आपण गंमत बघू," म्हणत तिने त्याला उचललं आणि घाईघाईने लांब नेऊ लागली. त्यात तिचं काही चुकत नव्हतं, कोणीही हेच केलं असतं. बटण तिच्या खांद्यावरून आईकडे हात करून किंचाळत होता. शिडी त्याच्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

त्याला आई हवी होती आणि आम्ही दोघी सकाळपासून त्याला आईपासून लांब कोण नेणार यावर झुंजत होतो. मला आमचा दोघींचा राग आला, माझा जास्त.

"थांब," मी केमिस्टला म्हणाले. "आण इकडे."

मी त्याला घेतलं. "शिडे, बस त्या बाकावर. टेकून बस. मांडीवर घेतलेलं चालतं ना?"

"चालतं. उचलायचं नाही, एवढंच."

मी त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. त्याने दोन हुंदके दिले, तोंड तिच्या कुशीत खुपसलं आणि तो शांत झाला. शिडीने त्याच्या केसांवर ओठ टेकले आणि रडू लागली, अगदी उघड, जाणाऱ्या-येणाऱ्यांची पर्वा न करता.

"हा कुठेही जाणार नाही," मी म्हणाले. "तुझ्याच घरी राहील. मी तिकडे येते."

"तू? सहा आठवडे? आणि तुझे विद्यार्थी?"

"सकाळचे मी बंद करते. दुपारी तीन तास केमिस्ट दुकानात माणूस बसवून येईल. येशील ना गं?"

"न यायला काय झालं?" केमिस्ट नाक पुसत म्हणाली.

"मला नको कोणी घरात," शिडी म्हणाली. "तू दिवसभर ओरडशील."

"ओरडेनच. पण हा हात वर करेल तेव्हा मी उचलेन आणि तुझ्या मांडीवर ठेवेन. एवढंच माझं काम. बाकी गाडी तुझी."

"आणि हात तुझ्याकडे बघून वर केले तर?"

"तरी तुझ्याच मांडीवर."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "जमेल तुला?"

"जड जाईल," मी म्हणाले. "पण करेन."

परतताना केमिस्ट प्रत्येक लाल दिव्याला उशिरा थांबली. माझा पाय खाली जायचा आणि त्याच वेळी मागून टप असा आवाज यायचा. मी मागे वळून पाहिलं नाही.

शिडीच्या घरी पोचलो. ती भिंतीला टेकून सोफ्यावर बसली. बटण बूट काढून घेण्यापुरता थांबला आणि दुडूदुडू माझ्याकडे आला. "बेक, वर!"

मी उचललं. त्याने मान माझ्या खांद्यावर टाकली. त्याच्या अंगाला बिस्किटांचा आणि धुळीचा वास येत होता. खोली काही मोठी नव्हती, चार पावलांत पार व्हायला हवी होती, पण मी ती सावकाश ओलांडली. शिडी हात उघडून बसली होती. मी त्याला तिच्या मांडीवर ठेवलं, माझ्या कॉलरमध्ये अडकलेली त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि मागे झाले.

मग घरी येऊन मी खाट सुटी करायला घेतली. तिकडे न्यायची तर तिचे भाग वेगळे करायलाच हवे होते. मूल उड्या मारेल, जरासुद्धा हलायला नको, म्हणून तिचे स्क्रू मी अंगातला सगळा जोर लावून आवळले होते. ते सुटता सुटेनात.