दार फळण्याआधी

दारफळणीच्या उपवासात ठाण्याच्या समाजाचे पुढारी एलोजी मुकादम यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बेने इस्राएलांनी, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांनी, सूर्य बुडण्याआधी पांढरी वस्त्रे नेसून दारे फळायची, म्हणजे लावून घ्यायची, दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही आणि वर्षभराच्या पापांची देवाकडे क्षमा मागायची, असा हा सण. मुकादम प्रार्थनालयात सर्वांत पुढे उभे राहत आणि यशया संदेष्ट्याचा उतारा हिब्रूत असा गळा भरून वाचत, की बायकांच्या बाजूला हुंदके फुटत. उताऱ्याचा अर्थ कोणालाच कळत नसे. भक्तीला त्याची अडचण कधी झाली नव्हती.

ती यंदा झाली. सणाच्या आदल्या आठवड्यात मुकादमांनी तोच उतारा प्रथमच मराठीत वाचला. वेतासारखी मान वाकवण्यालाच उपवास समजणाऱ्यांची देव तिथे झडती घेत होता. आपल्याच माणसाला तोंड चुकवणाऱ्यांचीही. मुकादमांनी पुस्तक मिटले. कल्याणच्या मलकाबाईचे नाव त्यात कुठेही छापलेले नव्हते, तरी ती दिसली.

नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी तिच्या घरातून धूर निघताना कोणीतरी पाहिला होता. तेलाचा धंदा करणाऱ्या बेने इस्राएलांना लोक शनवार तेली म्हणत; त्यांची ओळखच मुळी शनिवारी घाणा आणि चूल बंद ठेवण्यावर उभी. मुकादमांनी भर पंचायतीत तिचे घर वाळीत टाकले. महिनाभराने तिची शेजारीण ठमाबाई, एक शेतकरीण, ठाण्याला त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

"चूल मी पेटवली, मुकादम. तिची पोर तापानं फणफणलेली, दूध कोमट करून दिलं. मलकानं काडीला हात लावला नाय."

"परधर्मीयाची साक्ष चालत नाही," मुकादम म्हणाले.

जीव वाचवताना शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, बाजूला ठेवावा, असे शास्त्रच सांगते. मुकादमांना ते माहीत नव्हते, आणि माहीत करून घेण्याची घाईही नव्हती. शास्त्र वाट पाहू शकते, पत पाहू शकत नाही. पुढे मलकाबाईचा नवरा वारला, तेव्हा त्याला खांदा ठमाबाईच्या घरच्यांनी दिला. प्रार्थना म्हणायला समाजातले एकही माणूस गेले नाही. त्या वर्षीही मुकादमांचा उपवास कडकडीत झाला.

देवाविरुद्धचे पाप या दिवशी देव माफ करतो. माणसाविरुद्धचे मात्र आधी त्या माणसाकडून सोडवून घ्यावे लागते, एवढे तरी त्यांना ठाऊक होते. संध्याकाळी सण लागणार, त्या सकाळी त्यांनी कल्याणची आगगाडी धरली.

मलकाबाई परसात तेलाचे डबे पुसत होती. ठमाबाई ओट्यावर शेंगा सोलत होती.

"या. वाट चुकलात का?" मलकाबाईने वर न पाहता विचारले.

"जे झालं त्याची क्षमा कर, मलका."

"झालं? आपोआप झालं?"

मुकादमांनी पागोटे सारखे केले. "मी केलं. ठमाबाई खरं बोलतेय, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"नऊ वरसं लागली व्हय!" ठमाबाई म्हणाली. "ठाणं काय एवढं लांब नाय वो."

मलकाबाईने फडके खाली ठेवले. "वाळीत टाकलंत साठ माणसांसमोर. आणि माफी मागता कोंबड्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर बोललो तर मुकादमी जाईल."

"जाईल," ती म्हणाली, आणि पुढचा डबा उचलला.

एकटे परत जाणे सोपे होते. देवापुढे रडायचे शब्द पाठ होते आणि आवाजही चांगला होता. मुकादम तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "दुपारच्या गाडीला अवकाश आहे. पांढरं लुगडं आहे ना?"

"घडी मोडलेली नाही."

"मग चल. मुलीलाही घे."

ठाण्याला पोहोचेतो ऊन कलले होते. प्रार्थनालय भरले होते. मुकादमांच्या हाताखालचा चौगुला सामाजी दाराशी खोळंबला होता.

"मुकादम, लवकर आत या! दार फळायचंय. आणि ही कशी आली?"

"मी आणली. थांब, दार लावू नकोस." एलोजी उंबरठ्यातच वळून उभे राहिले आणि सगळे सांगितले. चूल, ताप, ठमाबाईची साक्ष, आपले मौन. आज आवाज मुळीच चांगला लागला नाही. कोणी हुंदका दिला नाही.

"निवाडा खोटा होता," ते शेवटी म्हणाले. "मलका वाळीत नव्हतीच. तिच्या जागी मी असायला हवा होतो."

"आता पुढे कोण उभं राहणार?" सामाजीने हळूच विचारले.

"तू राहा."

मलकाबाई त्यांच्याजवळून जाताना थांबली. "माफ केलं, असं मी अजून म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंस."

"उद्या तारे दिसेपर्यंत वेळ आहे. बघू." आणि मुलीचा हात धरून ती बायकांच्या बाजूला गेली.

एलोजी सर्वांत मागच्या चटईवर बसले. बायकांच्या बाजूला आधी कोणीच जागा करून दिली नाही; मग एका म्हातारीचा करवादलेला आवाज आला, "अगं सरका की जरा, दोघी आहेत त्या!"